तोकुझोंची जागा

मात्सुताके अळंबी कुठे उगवते, हे पोटच्या पोरालाही सांगायचं नाही, ही गावची रीत. शेत आटोपलं की डोंगर गाठणारे तोकुझो ती जागा मनात घेऊनच वसंतात वारले.

शरदात त्यांची बायको आणि मुलगी किनुए ती शोधायला निघाल्या. रानात ओरडलं तर जागेचं गुपित फुटतं, म्हणून तोकुझो काठीने खोडावर ठोकून हाक देत. तशीच ठकठक वरून आली.

"आई, बाबा तर गेले ना?"

"म्हणून तर म्हणते, पळ! जिवंतपणी तरी कधी थांबले का आपल्यासाठी?" काठी सावरत आई पोरीसारखी धावत सुटली.

धापा टाकत किनुए चढली. पाइनखाली अळंबीच अळंबी! आनंदाने ओरडणार, तोच तिने जीभ चावली आणि खोडावर ठोकून आईला बोलावलं.

वरून दोन काठ्यांनी उत्तर दिलं. मग त्या ठोकत ठोकत लांब जाऊ लागल्या.