क्लच सुटत नव्हता

“दाब.”

“दाबलाय.”

“पूर्ण दाब.”

“पाय तळाला टेकलाय. खोटं वाटत असेल तर वर येऊन बघ.”

थोरला गाडीखालून वर आला नाही. शर्यतीची गाडी स्टँडवर उचलून ठेवली होती. इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला. क्लच दाबल्यावर चाकं थांबायला हवी होती. ती फिरत होती. हळू, पण फिरत होती.

“दिसलं?” धाकटा सीटवरून म्हणाला. “शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर हेच झालं. मी क्लच दाबून उभा होतो आणि गाडी आपली आपण पुढे गेली.”

“क्लच बसवला तेव्हा ठीक होता. तू त्याची वाट लावलीस.”

“तू बसवलास म्हणजे ठीक?”

शटरजवळ स्टुलावर आप्पा बसले होते, दोघांचे वडील.  त्यांचं बोलायचं ते सकाळीच बोलून झालं होतं.

शर्यतीसाठी कंपनीचा क्लच काढून बाहेरून मागवलेला कडक क्लच बसवला होता. पहिल्याच शर्यतीत, झेंडा पडायच्या आधी, गाडी सरकली आणि झेंडेवाल्याच्या गुडघ्यावर गेली. तो अजून अंथरुणात होता. थोरला म्हणायचा, याचा पाय सटकला. धाकटा म्हणायचा, याने क्लच धड बसवला नाही. गॅरेजमधलं भांडण घरात शिरलं. जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. शेवटी आज सकाळी आप्पांनी दोघांना समोर उभं केलं.

“गाडी खोला. ज्याची चूक निघेल, त्याने उद्यापासून या शटरच्या आत पाय टाकायचा नाही. मग तो कुणी का असेना.”

आप्पांचा शब्द आजवर फिरला नव्हता.

आधी क्लचच्या तेलात हवा शिरली आहे का ते पाहिलं. धाकट्याने पेडल दाबून धरायचं, थोरल्याने खालून तेल सोडायचं. हे एकट्याचं काम नाही, नाहीतर त्यांनी एकट्यानेच केलं असतं. तेल स्वच्छ आलं. बुडबुडा एकही नाही. पेडलचा खेळ, म्हणजे ते किती सैल हलतं, तपासला. तोही बरोबर. मग उरली आतली प्लेट, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं.

“नीट धर. माझ्या पायावर टाकशील.”

“टाकायचा असता तर डोक्यावर टाकला असता.”

गिअरबॉक्स खाली आला. थोरल्याने क्लचप्लेट काढून टेबलावर नेली. ती तिथल्या एका सुट्या शाफ्टवर चढवली, स्क्रूड्रायव्हरचं टोक कडेला धरलं आणि बोटाने प्लेट फिरवली. धाकटा त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. मोजमापात थोरल्याने लबाडी करू नये म्हणून.

प्लेट एका बाजूला टोकाला घासली. दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी फट पडली. थोरल्याने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. प्लेट वाकली होती. म्हणून क्लच दाबला तरी ती इंजिनला कुठेतरी चिकटून राहत होती. जळल्याचा, तापल्याचा डाग कुठेच नव्हता, म्हणजे चालवताना ती बिघडली नव्हती. आणि मधल्या भोकाच्या कडेला, जिथे शाफ्ट आत जातो, तिथे एकाच बाजूला ताजा ओरखडा होता.

असं एकाच कारणाने होतं. बसवताना गिअरबॉक्सचं सगळं वजन प्लेटवर लटकतं तेव्हा.

सापडलास, हा शब्द धाकट्याच्या जिभेवर आला होता. तो तिथेच थांबला.

बसवायच्या दिवशी जॅक ऐन वेळी बिघडला होता. आप्पा म्हणाले, “मागचं टोक मी धरतो. जन्मभर बसचे गिअरबॉक्स छातीवर घेतलेत मी.” त्यांना नको म्हणायची कुणाची छाती होती? थोरला पुढून शाफ्ट आत सरकवत होता, धाकटा वरचे बोल्ट लावत होता. तेवढ्यात मागचं टोक खचकन खाली आलं. आप्पांनी ते लगेच उचललं. “हाताला ग्रीस होतं,” ते म्हणाले. त्यांच्या हाताला ग्रीस नव्हतं. नंतर चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. दोघांनीही पाहिलं होतं आणि दोघांनीही ते मनातून काढून टाकलं होतं.

आता दोघं त्या ओरखड्याकडे बघत राहिले. एकमेकांकडे बघायची गरज नव्हती.

“काय निघालं?” आप्पांनी विचारलं.

धाकट्याने फडकं उचलून हात पुसायला घेतले.

“इतके दिवस तोंडाचा पट्टा बंद होत नव्हता तुमचा. आता का दातखीळ बसली? कुणाची चूक?” आप्पा गुडघ्यावर हात टेकून स्टुलावरून उठायला लागले. “राहू दे, मीच बघतो.”

थोरल्याने प्लेट शाफ्टवरून काढली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

“बघायचं काही नाही, आप्पा. बसवताना माझ्या हातून गिअरबॉक्स लटकला. प्लेट वाकली. उद्यापासून मी येत नाही.”

धाकट्याने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. त्याचा आवाज इतके दिवस होता तसाच होता, कडवट, अंगावर येणारा.

“तू गप. दरवेळी तुझंच खरं करू नकोस,” तो थोरल्यावर ओरडला आणि वडिलांकडे वळला. “हा खोटं बोलतोय, आप्पा. प्लेट शाबूत आहे. रेषेवर माझाच पाय सटकला होता. काढायचं तर मला काढा.”