दुसरा गट

लोणखेड्याच्या कॉलेजातला माझा प्रयोग तसा सोपा होता. शहाद्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे मी दोन गट केले. पहिल्या गटातल्यांशी दर रविवारी तासभर गप्पा मारायच्या आणि मग एक प्रश्न विचारायचा. दुसऱ्या गटातल्यांना फक्त तोच प्रश्न विचारून निघायचं : या आठवड्यात एकटं वाटलं का?

धनुमाय दुसऱ्या गटात होती. मी दारात दिसले की खाट झटकून मला बसवायची आणि माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणायची, "नही वं बेटी." त्या गटातले बहुतेक जण हेच उत्तर द्यायचे.

शेवटी निकालाच्या तक्त्याखाली आलं, p > 0.05. सरांनी अर्थ सांगितला, "कहकशाँ, दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक नाही. तुझ्या गप्पांचा उपयोग झाला, असं म्हणता येत नाही."

तीन महिने घसा कोरडा केला होता मी! तणतणतच धनुमायकडे गेले. प्रयोग संपला, आता मी येणार नाही, हेही सांगायचं होतं. ते सांगितलं आणि विचारलं, "माय, आठवडाभर घरमा एखलीच ऱ्हास तू. तुले एकदाबी एखलं नही वाटनं?"

खाट झटकणारा तिचा हात थांबला.



"बेटी, तू इचारस तवय तू मन्हा समोरच बठेल ऱ्हास ना."