बाथरूमची कडी

"दादा, बाथरूमला कडीच नाहीये," बाहेर येत समुपदेशक बाई म्हणाल्या. दर गुरुवारी त्या सतरा वर्षांच्या ऋचाशी बोलायला घरी यायच्या.

"घरातल्या सगळ्याच काढल्यात," मुकुंद म्हणाला. मार्चमध्ये लेकीच्या खोलीचं दार फोडून त्याने तिला वाचवलं होतं. "आम्ही दाराला टॉवेल अडकवतो. टॉवेल दिसला की कोणी आत जात नाही."

"तुम्ही येता, बाबा." ऋचा म्हणाली. "पाण्याचा आवाज थांबला की दार किलकिलं करून बघता. आठ महिने मी कपड्यांनिशी आंघोळ करतेय."

बाई गेल्यावर मुकुंदने माळ्यावरचा कड्यांचा डबा काढला आणि कडी परत बसवली.

ऋचा आत गेली. कडी सरकली. नळ बराच वेळ वाहत राहिला, मग बंद झाला. मुकुंदचा हात दारापर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

"आहे मी, बाबा," आतून आवाज आला. "जा आता."

"हो," तो म्हणाला, आणि दारापाशीच खाली बसला.