कळशीभर पाणी

जिवल्याने आईसाठी बिनधुराची चूल बसवली आणि तिचा पाइप छपरातून वर काढला. बोईसरच्या कारखान्यात तो फिटर होता. पाइपाभोवतीचं हातभर गवत कापून त्याने तिथे पत्रा ठोकला होता. तरी चूल पेटवायच्या आधी आई पाण्याची कळशी घेऊन शिडीवर चढली. "आये, उतर. कंपनीत रोज हेच करतो." "कंपनीचं छप्पर लोखंडाचं, माझं गवताचं. भात शिजेस्तवर मी हितंच." जिवल्याने लाकडं पेटवली. पाइपातून धूर निघताच शेजारची तानी ओरडली, "म्हातारे, घर पेटलं काय?" "पेटलं तर पयलं तुलाच हाक मारीन!" भात शिजला. आईने पत्र्यालगतच्या गवतात हात खुपसून ठेवला. "गार हाय," ती म्हणाली आणि कळशी घेऊन खाली उतरली. "याच पाण्याचा चहा ठेव. डोळं न चोळता चहा कसा होतो, ते मला बघू दे."