लाल डोक्याची टाचणी

डबीत एक टाचणी कमी होती.

आईने डबी उजेडाकडे तिरकी धरली. हॉलमधले दिवे मंद होत चालले होते, तरी स्पंजवरची रिकामी जागा पडलेल्या दाताच्या फटीसारखी दिसत होती. लाल डोक्याच्या टाचण्या ती फक्त फिटिंगला वापरायची. कपडा हातावेगळा करायच्या आधी सगळ्या परत जागेवर खोचायच्या, हा तिचा नियम. आज घाईत बघायचं राहिलं.

आणि आज फिटिंग एकाच कपड्याचं झालं होतं. भिंगरीच्या निळ्या झग्याचं.

"काय हरवलं?" शेजारी बसलेल्या मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे ती काम करायची त्या शिलाईच्या दुकानातले कापड कापणारे कटर. आईच्या हातात पहिली कात्री त्यांनीच दिलेली.

"टाचणी. पोरीच्या झग्यात राहिलीय."

"मग टोचली की कळेलच."

"मास्तर, गप बसा हो."

खरं तर आईने डबी उघडली होती ती सुई काढायला. पिशवीत बटणं लावायचे शर्ट होते. पोरीच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती यायची, बसायची आणि मांडीवरच्या कामात डोकं खुपसायची. घरीही तेच. भिंगरी मागे उड्या मारत म्हणायची, "आई, बघ ना." मशीन न थांबवता आई म्हणायची, "बघतेय." सगळा नाच तिला कानांनी पाठ होता. आधी टपटप, मग सर्रकन घसरल्याचा आवाज, आणि शेवटी धप्प.

मघाशी हॉलच्या दरवाज्यातही पोरीने विचारलंच होतं, "आज तरी बघशील का?"

"बघते की. जा, उशीर होईल."

"थांब, तुझी कॉलर दुमडलीय." भिंगरीने मागून कॉलर नीट केली, पाठीवर थाप मारली आणि पळाली. आईला रागच आला होता. तिने शिवलेली कॉलर, आणि दुमडणार?

पडदा सरकला.

भिंगरी मधोमध उभी होती. आईचे डोळे तिच्या कमरेवर गेले, मग काखेवर, मग पाठीच्या चेनवर. कुठे असेल? गाणं सुरू झालं. टपटप. पोरगी वळली, झगा फुलला. घेरात असेल तर ठीक. चेनजवळ असेल तर?

"मास्तर, ते धप्प काय असतं?"

"कसलं धप्प?"

"नाचाच्या शेवटी होतं ते. तेव्हा ती करते काय?"

"मला काय विचारतेस? आई तू की मी?"

ती ताडकन उठली. पिशवी कलंडून शर्ट खाली पडले. लोकांच्या पायांवर पाय देत ती स्टेजकडे निघाली, तर एका कार्यकर्त्याने हात आडवा घातला.

"बाई, बसून घ्या."

"माझी पोरगी आहे ती."

"इथे सगळ्यांच्याच पोरी आहेत."

त्याला एक ठेवून द्यावी असं वाटलं तिला. पण तो हात काही खाली येईना. मग ती तिथेच भिंतीला चिकटून उभी राहिली, नखं कुरतडत.

सर्रकन भिंगरी गुडघ्यांवर घसरली. आईने अंग चोरलं. पोरीचं तोंड वाकडं झालं का? नाही, ती हसत होती. घरी हे तोंड कायम कशावर तरी फुगलेलं असायचं. इथे ते असं खुललं होतं, की आईला ओळखायला एक क्षण लागला. अवघड गिरकीला जिभेचं टोक ओठांबाहेर यायचं. दोरा ओवताना आईचंही तसंच व्हायचं, मास्तर त्यावरून कायम चिडवायचे.

बस कर आता, असं ओरडावंसं वाटत होतं. आणि संपू नये असंही वाटत होतं.

भिंगरीने उंच उडी घेतली आणि ती सपशेल पाठीवर पडली. धप्प.

उठेना.

आईने मूठ तोंडात कोंबली. मग पोरीने मान वर केली, थेट भिंतीपाशी उभ्या आईकडे बघितलं आणि खळखळून हसली. एका झटक्यात उठून तिने शेवटची गिरकी घेतली. टाळ्या पडल्या.

आई धक्काबुक्की करत मागच्या खोलीत घुसली.

"हात वर कर. हलू नकोस. कुठे टोचलं?"

"कुठेच नाही."

"खोटं बोलू नकोस. माझी टाचणी राहिलीय आत." तिची बोटं कमरेवरून, चेनवरून, घेरावरून धावत होती. काहीच लागत नव्हतं.

मागून मास्तर धापा टाकत आले. हातात शर्टांचा गोळा. "हे घे. सगळे तुडवलेस. आणि एकही बटण लावलेलं नाही."

"एकही नाही?" भिंगरीने विचारलं.

"कधी लावणार?" आई खेकसली. "तुझ्यावरून नजर हटली तर ना."

भिंगरीने हात लांब केला, आईच्या कॉलरखाली बोटं घातली आणि लाल डोक्याची टाचणी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आता लाव बटणं," ती म्हणाली.