खुणेचा दिवा

“रेडिओला हात लावू नका,” थोरली जवळजवळ ओरडलीच.

फोटोग्राफरने हात मागे घेतला. “लावावा लागेल, ताई. विकायच्या घरात राहणाऱ्याच्या वस्तू दिसता कामा नयेत. रेडिओ, औषधं, खुर्चीवरची उशी, सगळं हलवायचं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे मीच राहणार.”

“मग सगळं जिथल्या तिथे परत ठेवावं लागेल. बोटभर इकडेतिकडे चालणार नाही. आईला दिसत नाही.”

आईची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचं घर हाताच्या सवयीवर चाललं होतं. दारापासून सात पावलांवर टेबलाचा कोपरा. तिथून हात लांब केला की उभ्या दिव्याची पत्र्याची टोपी. टोपी हाताला लागली की खुर्ची आली. तो दिवा लावायचं तिला काही कारणच नव्हतं, तो नुसता खुणेला उभा होता. एकदा कामवालीने स्टूल वीतभर सरकवलं, तर आई तोंडावर पडली होती.

घर हाताखालचं होतं, पण जिना तसा नव्हता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघे कधीच संपावर गेलेले. गेल्या महिन्यात ती पाच पायऱ्या घसरली. त्याच संध्याकाळी थोरलीने ‘आता हे घर विकायचं’ असं सांगून टाकलं. त्यावर आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तेव्हा थोरलीने ठरवलं, आधी गिऱ्हाईक मिळू दे, मग सांगू. आज दुपारी धाकट्या भावाला पुढे करून तिने आईला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं होतं. हाताशी दोन तास होते. आईला हे कळलं तर ती आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, ही एकच धास्ती तिला सकाळपासून खात होती.

फोटोग्राफर बोलघेवडा होता, पण कामाला पक्का. प्रत्येक खोलीत शिरताच तो आधी मोबाइलवर फोटो घेई, जसं आहे तसं. उशीचा कोपरा कुठे, औषधाच्या बाटल्या कोणत्या क्रमाने, रेडिओचं तोंड कुणीकडे. मग सामान हलवायचं, मोठ्या कॅमेऱ्याने काम उरकायचं, आणि मोबाइलमध्ये बघत सगळं परत लावायचं. “माझी बायको म्हणते, घरी कधी टॉवेल जागेवर ठेवत नाहीस,” तो म्हणाला. थोरलीला हसू आलं नाही.

बाहेरची खोली त्याने शेवटी घेतली आणि तोंड वाकडं केलं. “फारच अंधार आहे. इथे ऊन येतं तरी कधी?”

“काय माहीत.” लग्न झाल्यापासून ती इथे आली की तासाभरात निघायची.

“मग दिवे लावा. सगळे लावा.”

तिने उभ्या दिव्याची कळ दाबली. जुना पिवळा बल्ब चक्क लागला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याची तिपाई इकडून तिकडे नेली, पडदे सारले, पुन्हा ओढले. वीस मिनिटं झाली तरी त्याचं समाधान होईना.

तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. “लवकर सुटलो. आई जिना चढायला लागलीय, मी गाडी लावून येतो.”

तीन मजले आणि आईचे गुडघे, म्हणजे फार तर दहा मिनिटं. फोटोग्राफर मोबाइलमध्ये बघून सांगत होता, ती ठेवत होती. उशी. बाटल्या. रेडिओ थोडा डावीकडे. अजून थोडा. जिन्यावर कठड्याला घासणारा हात ऐकू येऊ लागला. फोटोग्राफरने तिपाई काखेत मारली, बॅग छातीशी धरली आणि वरच्या मजल्याच्या पायऱ्यांवर चोरासारखा जाऊन उभा राहिला. थोरलीने फोटो एकदा शेवटचा ताडून पाहिला. काही चुकलं नव्हतं. तिने भराभर सगळे दिवे मालवले.

आई आत आली. चप्पल काढली. सात पावलं. टेबलाचा कोपरा बरोबर हाताखाली आला.

आईने हात लांब केला आणि तो दिव्याच्या टोपीवर थांबला. मग तिने सबंध तळवा टोपीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

थोरलीला आता कळलं. मोबाइलमधल्या फोटोत सगळं दिसत होतं, फक्त पत्रा गार आहे की गरम, ते दिसत नव्हतं.

“भरदुपारी हा दिवा कुणाला लागतो? विकायला फोटो काढलेस,” आई म्हणाली.

“आई, मी...” थोरलीला रडू कोसळलं.

आईने खुर्चीचा हात चाचपला आणि सावकाश बसली. उशी पाठीशी नीट केली.

“चांगले नसतील आले,” ती म्हणाली. “या खोलीत ऊन सकाळी साडेआठला येतं. इथे, माझ्या पायांवर. मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं.”