बदक पडलं ती जागा

बदक पडलं.

गाडी इटलीची, वयाने डेंटरपेक्षा मोठी, रंगाने लालभडक, शर्यतीत पळायला जन्माला आलेली. आणि तिला तपासायला आलेल्या तज्ज्ञांच्या हातात फ्रिजवर लावायचं पिवळं बदक. पोटात लोहचुंबक, पोटाला मखमलीची चिंधी, रंगावर चरा उठू नये म्हणून. मघापासून ते बदक गाडीवर जागोजागी बसवत होते. बॉनेटवर बसलं. छपरावर बसलं. मागच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यावर तर आता अंडं घालतंय की काय इतकं निवांत बसलं. डाव्या दारावर, कडीच्या खाली मात्र घसरलं आणि फरशीवर उताणं पडलं.

"इथे पुट्टी भरलीये," तज्ज्ञ म्हणाले. "चुंबक पत्र्याला धरतं, पुट्टीला नाही. कशाची ठोकर?"

डेंटरचं तोंड एवढंसं झालं. आजवर त्याने लोकांच्या गाड्यांचे पोचे असे काढले होते की मालकाला आपलीच गाडी ओळखू येऊ नये. आणि आज एका बदकाने त्याचं नाक कापलं होतं, तेही सख्ख्या भावाच्या गाडीवर. भंगारात सडत पडलेली ही गाडी दादाने आणली, इंजिन त्याने जिवंत केलं, पत्रा डेंटरने. आता दादा नव्हता. इंजिन होतं.

"खांबाची," तो पुटपुटला. "हळूच लागली होती."

"हळूच कुठली? चांगली ठोकली होती मी," गॅरेजच्या कोपऱ्यात टायरवर बसलेली वहिनी म्हणाली.

गाडी विकायचं तिनेच ठरवलं होतं. 'नवरा गेला, आता ही सवत मी कुठे सांभाळत बसू?' असं म्हणून तिने सगळ्यांना हसवलं होतं आणि मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला होता.

"हे शेजारी बसून शिकवत होते," ती तज्ज्ञांना सांगू लागली. "म्हणाले, बाहेर पडलो की डावीकडे. मी आतूनच वळले."

"मग? रागावले?"

"हसले. इतके हसले की कवळी सुटून सीटखाली गेली. ती शोधताना आणखी हसले."

हसावं की नाही ते तज्ज्ञांना कळेना. त्यांनी बदक उचललं, म्हणाले, "किरकोळ आहे. बाकी काम झकास. आमचे साहेब गाडी घेतील," आणि ट्रकवाल्याला हाक मारली.

ट्रकची फळी खाली आली, तेव्हा वहिनी उठून दारापाशी गेली. तळवा वरून खाली फिरला, खालून वर आला.

"भाऊजी, नक्की कुठे होता हो तो पोचा?"

डेंटर पुढे झाला. दादा होता तोवर त्याने या पोच्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. 'सही आहे ती आमच्या हिची,' म्हणायचा. पण डेंटरच तो. पोचा दिसला की हात शिवशिवायचे. गाडी विकायची ठरली आणि पहिल्याच रविवारी त्याने सही पुसून टाकली.

"इथे," तो म्हणाला आणि बोट टेकवलं. मग ते जरा खाली घेतलं. मग डावीकडे सरकवलं. दार आरशासारखं चमकत होतं. त्यालाही सापडेना.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," तो म्हणाला.

"काम छान झालंय," वहिनी म्हणाली. "काही म्हणता काही उरलं नाही."

तिने तज्ज्ञांपुढे हात पसरला. "ते बदक देता जरा?"

तिने बदक दाराच्या कडेला ठेवलं. बसलं. चार बोटं पुढे ठेवलं. बसलं. आणखी जरा पुढे ठेवलं, आणि पडलं. तिने लगेच तिथे तळवा टेकला आणि तशीच उभी राहिली. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवायला नेलेला हात मागे घेतला.

गाडी गेली. तज्ज्ञही गेले. बदक मागायचं त्यांना सुचलं नाही, किंवा सुचलं असेल.

रिकाम्या गॅरेजमध्ये खांबावर कमरेएवढ्या उंचीला लाल रंगाचा एक ओरखडा राहिला होता. वहिनीने त्यावर बदक ठेवलं. पडलं. तिने उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं.

डेंटरच्या अगदी ओठांवर आलं होतं, की वहिनी, खांब सिमेंटचा आहे, इथे ते कुठेही पडणारच. पण तो वाकला, बदक उचललं, मखमलीवरची धूळ फुंकून उडवली आणि तिच्या हातात दिलं.